दांडूचे माप दांडूनेच

गोल्फचा चेंडू फार लांब जाऊ लागला, ही त्या खेळाच्या नियामकांचीच आता तक्रार आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजची 'आर अँड ए' आणि अमेरिकेची गोल्फ संघटना यांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर केला, तो याच कारणाने. काठीच्या डोक्याचे आकारमान त्यापूर्वीच ४६० घन सेंटिमीटरच्या आत बांधले गेले होते. काठीची कमाल लांबी ४८ इंच. व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा २०२२ पासून मिळाली. हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथील शाळकरी मुलाला चेंबूरचे किंवा येरवड्याचे गोल्फ मैदान पाहावयास मिळण्याचा संभव थोडाच. परंतु या वादाचा गाभा त्याला परका नाही. विटीदांडू खेळलेल्या कोणालाही तो ठाऊक असतो.

फटका किती दूर जाणार हे मुख्यतः काठीचे टोक कोणत्या वेगाने येते यावर ठरते. वजनावर ते लोक समजतात तितके अवलंबून नसते. लांब पल्ल्याच्या गोल्फ काठीचे डोके सुमारे २०० ग्रॅमचे, तर चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. डोक्याचे वजन दुप्पट केले आणि वेग तोच राखला, तरी संवेगाच्या हिशेबाने चेंडूचा वेग जेमतेम एकदशांशाने वाढतो. नुसता टोकाचा वेग एकदशांशाने वाढविला तरी तेवढाच लाभ होतो. शिवाय दुप्पट वजनाचे डोके पूर्वीच्याच वेगाने फिरविणे हाताला साधत नाही, ही गोष्ट वेगळीच. म्हणून कारागिरांनी लाकडाचे भरीव डोके टाकून टायटॅनियमचे पोकळ डोके घेतले, दांडी हलक्या कार्बनतंतूंची केली आणि डोक्याचा पुढचा पत्रा इतका पातळ केला की आघाताच्या क्षणी तो किंचित दबून उसळावा. फटका नेमका बसला म्हणजे चेंडू डोक्याच्या वेगाच्या सुमारे दीडपट वेगाने सुटतो. पाठ्यपुस्तकात सर्वाधिक पल्ल्यासाठी ४५ अंशांचा कोन सांगितलेला असतो. गोल्फपटू मात्र दहा-पंधरा अंशांतच चेंडू सोडतात, कारण उलटी फिरकी आणि चेंडूवरचे खळगे त्याला हवेत उचलून धरतात. पुस्तकातली निर्वात पोकळी मैदानावर नसते.

विटीदांडूत हाच प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर खेळातच गुंफलेले आहे. विटी टोलवून झाली की तिचे अंतर मोजले जाते ते दांडूनेच: वकट, लेंड, मूंड... (या मोजणीचे तेलुगू अंकांशी असलेले साम्य उघड आहे, १९४८ पर्यंत निजामी राज्यात राहिलेल्या या भागाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.) आता एखाद्याने दांडू एकपंचमांशाने लांब घेतला, तर विटीही निदान एकपंचमांशाने दूर गेली पाहिजे, नाहीतर मोजणीत तो तोट्यात जातो. आणि लांब दांडू फिरवावयास जड, म्हणजे हाताचा वेग घटलाच. साधनाचा लाभ साधनच परत घेते. त्यासाठी समिती नको, प्रयोगशाळा नको. ज्याचा फटका त्याच्याच दांडूने मोजावा, एवढी एक रीत पुरते.

क्रिकेटलाही अखेर कायद्याचाच आश्रय घ्यावा लागला. २०१७ च्या नियमांनी बॅटची जाडी ६७ आणि कडा ४० मिलिमीटरवर रोखली, कारण जाड कडेला लागून उडालेला चेंडूही सीमापार जाऊ लागला होता. मर्यादा घालणे म्हणजे प्रगतीला विरोध, असा आक्षेप प्रत्येक वेळी घेतला जातो. तो पटण्यासारखा नाही. अंतर विकत घेता येऊ लागले की ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची मेहनत आपोआप कमी मोजली जाते. शिवाय वाढलेल्या पल्ल्यासाठी मैदाने लांबवावी लागतात, त्यांना जमीन आणि पाणी लागते. बाभळीच्या फांदीचा दांडू कोणालाही तासता येतो.

विटी डोळ्याला लागते, म्हणून पालक आणि शिक्षक हा खेळ टाळतात. ही भीती खोटी नव्हे. अशा दुखापतींनी डोळे गेलेले आहेत. पण अणकुचीदार विटीऐवजी टोके बोथट केलेली विटी घेता येते, समोर मोकळे रान ठेवता येते, झेलणाऱ्यांना दूर उभे करता येते. भीतीपोटी खेळच बंद केला तर त्याबरोबर एक फुकटची प्रयोगशाळाही बंद होते, याचा विचार व्हावयास हवा. गतीचे नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेणाऱ्या शाळेच्या आवारात हा प्रयोग एका तासात होण्याजोगा आहे: एकाच झाडाचे, सारख्याच जाडीचे, पण कमी-अधिक लांबीचे तीन दांडू, एकच विटी आणि टोलवणारा मुलगाही एकच. प्रत्येक दांडूने दहा-दहा टोले मारून सरासरी काढावी. अंतर मात्र दोनदा मोजावे, एकदा मीटरच्या फितीने आणि एकदा त्या त्या दांडूने. दोन मापांत पहिला क्रमांक दोन वेगळ्या दांडूंना मिळाला, तर खरा पहिला कोणता, यावर वर्गात भांडण लागेल. शिक्षकाने ते मिटविण्याची घाई करू नये.