मिळकतीच्या मापाने मोजलेले मरण

एकाच बसच्या अपघातात तीस वर्षांचे दोघे दगावतात. एकाचा पगार महिना एक लाख, दुसऱ्याची मजुरी दहा हजार. दोघांच्याही मागे चार-चार अवलंबित. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाचे सूत्र लावते: वार्षिक उत्पन्न, त्यात भावी वाढ, मृताच्या स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट आणि वयानुसार 17 चा गुणक. पहिल्याच्या कुटुंबाला, प्राप्तिकर सोडला तर, सुमारे 2 कोटी 29 लाख. दुसऱ्याच्या कुटुंबाला 21 लाख 42 हजार. भावी वाढसुद्धा कायम नोकरदाराला 50 टक्के, मजुराला 40. आशेलाही वेतनश्रेणी आहे!

या हिशेबात चूक नाही. तो कायद्याबरहुकूम आहे, आणि भय नेमके याचेच आहे. हे सूत्र घडवणाऱ्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी न्यायाधिकरणांची मनमानी आवरली, हे निर्विवाद. परंतु हानी म्हणजे बुडालेली मिळकत, हे गृहीतक अबाधित राहिले. जिची मिळकतच नाही, तिच्या मृत्यूने मग काय बुडाले?

मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या दुसऱ्या अनुसूचीने न कमावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न 15 हजार ठरवले. पत्नी असेल तर कमावत्या पतीच्या एक तृतीयांश. 2001 च्या जनगणनेत गृहिणी भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत ‘अनुत्पादक’ ठरल्या, यावर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच कोरडे ओढावे लागले. 2021 च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने वेळवापर सर्वेक्षणाचा दाखला दिला: घरकामात स्त्रीची दिवसाला सरासरी 299 मिनिटे, पुरुषाची 97. एवढे होऊनही गृहिणीच्या श्रमाचा किमान आकडा कायद्यात नाही. तो प्रत्येक प्रकरणात नव्याने मागावा लागतो, आणि मागणारा बहुधा नुकताच स्मशानातून परतलेला असतो.

मुलांच्या बाबतीत तर मापच स्थिर नाही. 2020 च्या एका निकालात कायमच्या अपंग झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी कुशल कामगाराचे किमान वेतन धरले गेले; 2021 मध्ये, 2004 च्या अपघातात गेलेल्या सात वर्षांच्या मुलासाठी वर्षाला 25 हजार.

ही विसंगती केवळ विधिपंडितांच्या चर्चेपुरती नाही. मरण स्वस्त असले की ते टाळण्याचा खर्च महाग वाटू लागतो. विमा कंपनी उत्पन्नाच्या पुराव्यावर वर्षानुवर्षे भांडते, कारण मजुराकडे वेतनचिठ्ठी नसते. थकलेले कुटुंब तडजोडीत मिळेल ते स्वीकारते. पोरांची शाळा सुटते. वाहतूकदाराचा भार विमा उचलतो, आणि खड्डे ठेवणारा कंत्राटदार या गणितात बहुधा येतच नाही. एकट्या 2022 मध्ये देशातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. हानीचे मोल असेच राहिले, तर ही संख्या घटवण्याची निकड कोणालाच उरणार नाही.

संसदेने गृहिणी, बालक आणि असंघटित श्रमिक यांच्यासाठी उत्पन्नाची किमान पातळी कायद्यातच घालावी आणि ती दरवर्षी महागाईशी जोडावी. 1994 ची अनुसूची 2018 पर्यंत तशीच पडून होती. तेवढी प्रतीक्षा पुन्हा करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.