खोपीची जमीन

आमच्या रत्नागिरीच्या घरामागे कुदळ-फावडी ठेवायला एक लाकडी खोपी आहे. तिची जमीन पहिल्यांदा मीच केली. माती चोपली, वर फळ्या अंथरल्या, झाले! दुसऱ्याच पावसाळ्यात कोपरा खचला, आणि तिथल्या पेटीतल्या वडिलांच्या चार वह्या वाळवीने फस्त केल्या.

म्हाताऱ्या सुताराने फळी बोटांनी कुस्करली. म्हणाला, "मास्तर, लाकूड पाण्यानं मरत नाही, कोंडमाऱ्यानं मरतं."

खरेच आहे. लाकडातला ओलावा शेकडा 20 च्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. म्हणून त्याने जांभ्याचे वीतभर उंच पाये बसवले. जांभा पाणी पितो, तेव्हा प्रत्येकावर डांबरी कागद, मग सागाच्या तुळया. साग म्हणजे गाभ्याचा हं, वाचकहो! कडेचे पांढरट लाकूड वाळवीला खाऊच वाटते. फळ्या पावसात फुगतात, म्हणून दोहोंत पाव इंच फट ठेवली. पाणी सर्वांत जास्त शिरते ते कापलेल्या टोकांतून. त्यांना दोनदा तेल पाजले. पायांभोवती मात्र काही रचू दिले नाही. वारा खेळतो, आणि वाळवीची मातीची नळी वर चढू लागली तर लगेच दिसते.

दर महिन्याला मी गुडघे टेकून खाली डोकावतो. "देवापुढे इतके कधी वाकला नाहीत," सौ. म्हणते.

जमीन उत्तम आहे. उरलेल्या वह्या मात्र घरात, कपाटात आहेत.