परक्याच्या जागेवरचे घर

जागा दुसऱ्याची आणि घर आपले, अशा घरात राहणाऱ्यास शांत झोप लागत नाही, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. भिंती कितीही भक्कम असोत, कागदावर नाव कोणाचे हा प्रश्न एके दिवशी दाराशी येऊन उभा राहतोच. संगणकाच्या जगात केडीई या मुक्त प्रकल्पाच्या दाराशी तो चार वर्षे उभा होता.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी माथियास एट्रिख या जर्मनीतील विद्यार्थ्याने हाक दिली की, युनिक्स धर्तीच्या संगणकांस सामान्य माणसाला वापरता येईल असा दर्शनी भाग मिळालाच पाहिजे. देशोदेशींचे लोक बिनमोल राबावयास पुढे आले. खिडक्या, बटणे, याद्या यांच्या रेखाटनासाठी त्यांनी नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची ‘क्यूट’ ही लायब्ररी, म्हणजे तयार भागांचा संच, घेतला. माल उत्तम होता आणि मुक्त प्रणाली लिहिणाऱ्यांस फुकट होता. परंतु फुकट म्हणजे मुक्त नव्हे! क्यूटची संहिता वाचावयास मोकळीक होती. तीत सुधारणा करून ती सुधारलेली प्रत शेजाऱ्यास देण्यास मात्र बंदी होती.

इकडे केडीईने स्वतःच्या कामास जीपीएल हा परवाना लावलेला. त्याची शर्त अशी की, तयार प्रणाली वाटाल तर तिची समग्र संहिता याच अटींवर वाटा. कार्यप्रणालीबरोबर नेहमी येणाऱ्या भागांपुरता तेवढा अपवाद. क्यूट त्या अपवादात बसत नाही, असे डेबियन या वितरक संस्थेचे म्हणणे पडले. एक परवाना जे देण्याची आज्ञा करतो, तेच देण्यास दुसरा मनाई करतो. मग मधल्या वितरकाने करावे काय? ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई वाटण्याचे साफ नाकारले.

हा निव्वळ कज्जेखोरपणा आहे, अशी तेव्हा ओरड झाली. लेखकांनीच आपली प्रणाली क्यूटवर बेतली, तेव्हा त्यांची संमती गृहीतच आहे, असा युक्तिवाद होता. स्वतःच्या ओळींपुरता तो आम्हांसही पटतो. परंतु केडीईतील काही कार्यक्रम इतरांनी जीपीएलखाली लिहिलेल्या संहितेवरून उचललेले होते. त्या लेखकांस कोणी विचारले होते? दुसऱ्याने घातलेली अट आपल्या सोयीसाठी सैल समजणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. आमच्या मते डेबियनचीच बाजू खरी होती.

याची किंमत मोठी पडली. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम हा दुसरा प्रकल्प उभारला. हार्मनी या नावाने क्यूटची मुक्त प्रतिकृती लिहिण्याचा उद्योगही सुरू झाला. जे बळ एका कामी लागावयाचे ते तीन ठिकाणी विभागले. आणि उपाय तर पहिल्या दिवसापासून हाताशी होता! ‘क्यूटशी जोडून वाटण्यास आमची परवानगी आहे’ अशी एक ओळ प्रत्येक लेखकाने परवान्यास जोडावयाची, इतरांच्या संहितेपुरती त्यांच्याकडून लिहून घ्यावयाची. डेबियनने तेच सुचविले होते. एवढा कागद करण्याचाही कंटाळा का यावा?

कंपनीस आम्ही दोष देत नाही. बंदिस्त प्रणाली करणाऱ्यांस परवाने विकून तिचे पोट भरत होते, आणि तिने हे कधी लपविले नाही. उलट १९९८ मध्ये केडीईसह तिने एक प्रतिष्ठान स्थापून लिहून दिले की, क्यूटची मुक्त आवृत्ती काढणे आम्ही थांबविल्यास प्रतिष्ठानाने ती खुली करावी. त्याच वर्षी क्यूपीएल हा नवा परवाना जाहीर झाला. पण बदल मूळ प्रतीपासून वेगळे ठेवूनच वाटावेत, या त्याच्या अटीमुळे जीपीएलशी त्याचेही जमेना. अखेर सप्टेंबर २००० मध्ये क्यूट २.२ प्रत्यक्ष जीपीएलखालीच आली आणि तंटा मिटला.

पुढे २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने विकत घेतली, नंतर क्यूट आणखी इतरांच्या हाती गेली. प्रतिष्ठानाचा करार मात्र प्रत्येक नव्या मालकास बांधून राहिला.