फोटो पाहुण्यांचा, खेळ पोरींचा

आधी स्वतःची चूक कबूल करतो, मग बाकीचं बोलतो.

काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची बातमी मी दिली होती. चार ओळी आणि एक फोटो. फोटोत उद्घाटनाचे पाहुणे. जिंकलेल्या कॉलेजचं नाव शेवटच्या ओळीत, खेळाडूंची नावं नाहीतच. दोन दिवसांनी त्या संघातली आपल्या भागातली एक पोरगी एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "भाऊ, फायनल आम्ही खेळलो ना? मग आमची नावं का नाही छापली? घरी दाखवायला कात्रण पाहिजे होतं."

मी म्हणालो, जागा नव्हती. जागा होती. पाहुण्यांची ६ नावं बसली होती.

हे आठवलं अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचताना. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, अंगावर येणाऱ्याला चुकवायचा खेळ. थोडी कबड्डीच म्हणा! ऑगस्टअखेर सीझन सुरू, जानेवारीत फायनल. २०२४ च्या सीझनला पहिल्यांदाच १२ संघ बाद फेरीत घेतले आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवलं. खेळणारे सगळे विद्यार्थी. पण ओहायो स्टेटच्या स्वतःच्या मैदानात लाखावर माणूस बसतो. शहराला पोरांची नावं पाठ असतात.

तिथेही सगळं गोड नाही बरं. कित्येक वर्षं कॉलेजांनी कोट्यवधी कमावले आणि खेळाडूला मिळाली फक्त शिष्यवृत्ती. स्वतःच्या नावावर कमवायची मुभा २०२१ मध्ये मिळाली, कॉलेजकडून थेट वाटा २०२५ पासून. म्हणजे नाव होतं, पैसा नव्हता. आपल्याकडे दोन्ही नाही.

आपली कॉलेजं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली. आधी कॉलेजांच्या आपसातल्या स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, पुढे अखिल भारतीय. शिडी आहे, पायऱ्या आहेत. फक्त खालच्या पायरीवर बघायला कोणी नाही.

आणि दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची किती घरं ऊसतोडीला गुजरातेत निघतात, हे धानोऱ्यात कोणाला सांगायला नको. पोरगी संघासाठी थांबणार की कोयत्याबरोबर जाणार, हे घरात ठरतं. त्या रात्री बापासमोर ठेवायला तिच्याकडे काय असतं? ते कात्रण. तेच मी दिलं नाही.

कोणी म्हणेल, टाळ्यांनी आणि बातम्यांनी पोट भरतं का? नाही भरत. खेलो इंडियात निवड झाली तर महिना १०,००० रुपये भत्ता आहे. पण तिथपर्यंत पोचायला पोरगी आधी खेळात टिकली पाहिजे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुलात कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली, तेव्हा 'आपली आदिवासी कन्या' म्हणून आपण सगळ्यांनी बॅनर लावले. पदकाच्या आधी मैदानाच्या कडेला किती जण उभे होते?

म्हणून तीन गोष्टी. कॉलेजांनी सामन्यांचं वेळापत्रक आठवडाभर आधी गावागावांच्या ग्रुपवर टाकावं. फीच्या पावतीवर क्रीडा शुल्क घेता, तर ते कशावर खर्च झालं ते नोटीस बोर्डावर लावावं. संघाला जेवण आणि प्रवासभत्ता किती मिळाला, तेही त्यातच येऊ द्या.

तिसरी गोष्ट आम्हा पत्रकारांची. यापुढे माझ्या बातमीत आधी खेळाडूंची नावं, गावासकट. पाहुणे शेवटी, जागा उरली तर. पाहुणे रागावतील, रागावू द्या.

तुमच्या गावची पोरगी कुठल्या संघात असेल तर कमेंटमध्ये सामन्याची तारीख आणि ठिकाण टाका. मी येतो. तुम्हीही या, आणि येताना तिच्या बापाला सोबत घेऊन या.