नियंत्रणांची मुदत कोणी मोजायची?

नागपुरातील एका नागरी मंडळाच्या बैठकीत नुकतीच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आयात व परकीय चलन नियंत्रणांवर चर्चा झाली. विषय जुना, श्रोते बहुतांशी निवृत्त शिक्षक, कारकून आणि थोडे विद्यार्थी. तरीही वाद रंगला. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही नियंत्रणे नसती तर नवजात राष्ट्राची गंगाजळी चैनीच्या वस्तूंवर उधळली गेली असती. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांनीच उद्यमशीलतेचा गळा आवळला आणि लाचलुचपतीला राजमार्ग मोकळा करून दिला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु नियंत्रणे चांगली की वाईट या वादात एक साधा प्रश्न मागे पडला. ती मुळात किती दिवसांसाठी होती?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातच सापडते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आले. मे १९४० पासून आयातीवर आले. युद्ध संपल्यावर हे नियम गळून पडणार, म्हणून १९४७ साली आयात-निर्यात नियंत्रणाचा आणि परकीय चलन नियमनाचा असे दोन स्वतंत्र कायदे करण्यात आले. दोन्ही मुदतीचे होते. आयातीच्या कायद्याची मुदत तर अवघी तीन वर्षांची होती. ती मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. चलनाचा कायदा १९५७ साली कायम झाला, आयातीचा १९७१ साली. तीन वर्षांसाठी आलेला पाहुणा १९९२ पर्यंत घरात राहिला!

आरंभी या नियंत्रणांमागे सबळ कारण होते, हे मान्य केलेच पाहिजे. युद्धकाळात भारताने ब्रिटनला पुरविलेल्या मालाचे व सेवांचे मोल रोख न मिळता लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत गेले. स्वातंत्र्याच्या वेळी ही रक्कम सुमारे ११६ कोटी पौंड होती. उपासमार सोसून साठलेली ही पुंजी. पण ब्रिटनच खंक झाल्यामुळे ती हवी तेव्हा काढता येत नव्हती आणि तिचे डॉलर करून घेणे तर त्याहून दुर्घट होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सनदी सेवेत उमेदीची वर्षे घालविलेले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेस गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात ते होते. तेथे या शिलकीचा प्रश्न मांडला गेला, पण तो पदरात पडला नाही. अशा स्थितीत अन्नधान्य आणि यंत्रे आधी, अत्तरे नंतर, असा क्रम लावणे हे शहाणपणाचेच होते.

तथापि, कारण बदलले तरी उपाय तसाच राहिला, आणि येथेच खरी चूक झाली. परवाना ही स्वतःच एक मालमत्ता बनली. ज्याच्या हाती तो पडला त्याला वस्तू विकून जेवढे मिळे त्याहून अधिक परवाना विकून मिळू लागले. दिल्लीच्या कचेऱ्यांत ज्यांची ऊठबस होती ते पुढे गेले. १९५६ साली राजधानीपण गमावलेल्या आमच्या शहरातील छोट्या कारखानदाराला एका सुट्या भागासाठी दिल्लीची गाडी पकडावी लागे. परदेशी शिकायला निघालेला विद्यार्थी खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसे, ही त्या पिढीची आठवण आजही घराघरांत सांगितली जाते.

सोन्याची कथा अधिक कठोर आहे. चिनी आक्रमणानंतरच्या आणीबाणीत, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. चोरटी आयात थांबावी व परकीय चलन वाचावे हा हेतू. चौदा कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चोरटी आयात थांबली नाही. थांबली ती सोनाराची भट्टी. इतवारीच्या सराफ्यापासून खेड्यातील एकट्या कारागिरापर्यंत, ज्यांचा परकीय चलनाशी दुरूनही संबंध नव्हता, त्यांच्या पोटावर हा घाव बसला. पुढे चौदा कॅरेटची अट सुटली, पण १९६८ साली नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. तो रद्द करण्याची घोषणा अर्थमंत्री मधु दंडवते यांनी केली तेव्हा १९९० साल उजाडले होते. आणि एवढे करून गंगाजळी सुरक्षित राहिली काय? १९९१ साली रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवण्याची पाळी आलीच.

यावर कोणी म्हणेल की हा सारा इतिहास झाला; आज दरसाल अडीच लाख डॉलर परदेशी पाठविता येतात. खरे आहे. पण विदर्भातील शेतकऱ्याला हा इतिहास वाटत नाही. परकीय चलनाची चणचण बांगलादेशाला २०२२ साली भासली आणि फळांच्या आयातीवर तेथे जादा कर बसला. संत्र्यावरील आयातशुल्क २०१९ मध्ये किलोला २० टका होते, ते २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेले. ढाक्याच्या तिजोरीतील तूट वरुड-मोर्शीच्या बागायतदाराने भरली. कापसाचेही तेच. आयात कापसावरील ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ रोजी सप्टेंबरअखेरपर्यंत माफ झाले आणि दहा दिवसांच्या आत ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने सूतगिरण्या व कापड उद्योग अडचणीत होते, हे कारण खोटे नव्हते. पण जूनमध्ये एका नियमाच्या भरवशावर सरकी टोचणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच नियमाखाली कापूस विकावा लागला. नियंत्रण घालणे काय आणि उठविणे काय, ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्याला आधी विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आयात-निर्यातीवरील वा चलनावरील प्रत्येक निर्बंधाबरोबर त्याचे कारण, त्याची मुदत आणि त्याचा भार कोणावर पडणार याचा अंदाज जाहीर व्हावा. शेतमालाच्या बाबतीत तो पेरणीपूर्वी व्हावा. मुदत वाढवायची तर आधीच्या काळात काय साधले, याचा हिशेब संसदेपुढे मांडल्यावाचून ती वाढू नये. १९५० सालीच असा हिशेब मागितला गेला असता, तर काही नियंत्रणे कदाचित योग्य ठरून टिकली असती. पण ती सवयीने टिकली नसती.

हा हिशेब सरकार आपण होऊन देणार नाही. तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी तो वाचता यावा लागतो. नागरी मंडळांनी, महाविद्यालयांतील अर्थशास्त्र मंडळांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. नागपूरच्या त्या बैठकीत जुन्या नियंत्रणांवर दोन तास वाद झाला. पुढच्या बैठकीत आज चालू असलेल्या एखाद्या अधिसूचनेची मुदत केव्हा संपते, एवढे जरी पाहिले गेले तरी ती बैठक सार्थकी लागेल.