दुष्काळाचा शेरा

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली, पाझर तलाव खणले. किती हातांना काम मिळाले, किती मजुरी वाटली गेली, याचा हिशेब शासनाच्या दप्तरी आहे. परंतु उपासमारीची एक नोंद माणसाच्या पेशींतही होत असते आणि तिकडे आपल्या अर्थनीतीचे लक्ष अद्याप गेलेले नाही.

शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच एकच. तरीही यकृताची पेशी मेंदूची होत नाही. कारण कोणती जनुके वाचावयाची व कोणती मिटून ठेवावयाची, हे प्रत्येकीत ठरलेले असते. डीएनएवर विशिष्ट जागी मिथाइल नावाचा लहानसा अणुगट चिकटला की तेथील जनुक बहुधा गप्प बसते. कारकुनी भाषेत सांगावयाचे तर कायदा तोच, फरक समासातील शेऱ्यांचा. पेशी दुभंगताना जुन्या धाग्यावरील शेरे नव्यावर उतरविले जातात. पेशीची स्मृती ती हीच. या शेऱ्यांची शाई मात्र अन्नातून येते. त्यासाठी फोलेट आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांची सहा दशकांनंतर तपासणी केली असता वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइलच्या खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. फरक लहान होता. पण गर्भारपणाच्या अखेरीस ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, त्यांच्यात तो दिसलाच नाही. म्हणजे प्रश्न केवळ किती खाल्ले याचा नाही, केव्हा खाल्ले याचाही आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. मधुमेहाची वाट तेथूनच निघते. बहुसंख्य मातांत ब-१२ ची उणीव होती. अर्थात, उपाशी मातेची संतती कायमची बाद झाली असे मानणे चूक होय. यांतील अनेक शेरे बदलू शकतात.

आता धोरण पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीस किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० च केले, तेही हप्त्यांनी आणि गर्भाची नोंद झाल्यावर. तोवर महत्त्वाचे आठवडे उलटलेले असतात. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. धाराशिव हा आकांक्षित जिल्हा असल्यामुळे चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी अंगणवाडीतून पूरक आहाराची तरतूद आहे खरी. परंतु नळदुर्ग भागातून कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबातील मुलगी दिवाळीनंतर उसाच्या फडात असते. तिचा शिधा गावातील यादीवर राहतो. कारखान्याच्या तळावर तो तिला मिळेल, एवढी व्यवस्था साखर आयुक्तालय आणि महिला व बालविकास विभाग यांनी गाळप हंगामापूर्वी करावयास हवी.