चाहत्याच्या हक्काची उलटतपासणी

नटाच्या, गायिकेच्या किंवा लेखकाच्या नादाने झपाटलेला चाहता हा ज्यांचा विषय आहे, त्या मानसशास्त्रीय भयपटांवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. ते साध्या रसिकाला बदनाम करतात, हा पहिला. मनोरुग्णाला राक्षस ठरवतात, हा दुसरा. पडद्यावरचं वेड पाहून खऱ्या आयुष्यात तसं वागणारे निपजतात, हा तिसरा. आक्षेप घेणाऱ्यांचं सिनेमावर प्रेम असतं आणि माणसांबद्दल कळवळाही असतो. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

शेवटच्या आक्षेपाला उत्तर इतिहासच देतो. १४ जून १९४९ रोजी शिकागोतल्या एजवॉटर बीच हॉटेलात एडी वेटकस या बेसबॉलपटूला एका तरुणीने चिठ्ठी पाठवून आपल्या खोलीत बोलावलं आणि रायफलने गोळी घातली. ती त्याची निस्सीम चाहती होती. वेटकस वाचला. तिच्यापुढे कित्ता म्हणून ठेवता येईल असा एकही चित्रपट तेव्हा निघालेला नव्हता. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननचा खून करणाऱ्याने त्याच दिवशी त्याची स्वाक्षरी घेतली होती. पोलीस आले तेव्हा त्याच्याजवळ ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी होती, आणि त्या कादंबरीत कुणी कुणाचा खून करत नाही. अपवाद म्हणून जॉन हिंक्लीचं नाव पुढे केलं जातं. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ त्याने पुन्हा पुन्हा पाहिला आणि जोडी फॉस्टरचं लक्ष वेधण्यासाठी मार्च १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे खरंच आहे. पण तो चित्रपट एकाकीपणावर आहे, चाहत्यावर नाही. पछाडलेल्या माणसाला निमित्त कुठेही सापडतं. ते निमित्त हटवल्याने पछाडलेपण हटत नाही.

दुसरा आक्षेप मात्र अर्धा मान्य करायला हवा. या प्रकारात निव्वळ रक्तपात दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. १९८१ च्या ‘द फॅन’मध्ये लॉरेन बकॉलसारखी अभिनेत्री आहे, पण तिच्या मागे लागलेल्या तरुणाच्या हाती वस्तरा देण्यापलीकडे पटकथेला त्याच्यात फारसं स्वारस्य नाही. मानसिक आजार म्हणजे हिंसा, असं समीकरण असे चित्रपट पक्कं करतात. मनोविकारांशी झुंजणारी बहुसंख्य माणसं कुणाला इजा करत नाहीत, त्यामुळे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण सगळ्या प्रकाराला त्यातल्या दुबळ्या नमुन्यांवरून तोलता येत नाही. चांगले चित्रपट रोगाचं निदान करायला बसत नाहीत. आवडत्या माणसावर आपला मालकी हक्क आहे ही समजूत कुठून येते, याचा ते शोध घेतात.

हा शोध लागला की पहिला आक्षेपही सैल पडतो. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द किंग ऑफ कॉमेडी’त जेरी लँगफोर्ड हा टीव्हीवरचा लोकप्रिय विनोदवीर रस्त्याने चाललेला असतो. सार्वजनिक फोनवर बोलणारी एक बाई त्याला पाहून हरखते, त्याचं तोंडभर कौतुक करते आणि दवाखान्यातल्या आपल्या भाच्याशी दोन शब्द बोलायची गळ घालते. जेरी सभ्यपणे नकार देतो. त्याच क्षणी ती ओरडते की तुला कॅन्सर होवो. ही बाई खुनी नाही, वेडीही नाही. चारचौघींसारखी आहे. कौतुकाच्या बदल्यात काहीतरी मिळायलाच हवं, एवढंच तिने धरून ठेवलंय. जेरीचं अपहरण करणारा रुपर्ट पपकिन आणि ही बाई यांच्यातला फरक गुणाचा नाही, प्रमाणाचा आहे. रसिकाला बदनाम करणं वेगळं आणि रसिकाच्या मनातली ही सरहद्द त्याला दाखवणं वेगळं.

रॉब रायनरच्या ‘मिझरी’तली ॲनी विल्क्स, जिच्यासाठी कॅथी बेट्सला ऑस्कर मिळालं, ती तर उत्तम वाचक आहे. लेखकाने मागच्या भागाला सोडून कथा पुढे रेटली की ती लगेच पकडते. तिचं म्हणणं बरोबर असतं आणि तिने कोंडून ठेवलेल्या लेखकाला, पॉल शेल्डनला, ते प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीतली ही बाजू चित्रपटाने राखली, म्हणूनच तो थरकाप उडवतो. जी बाई कलाकृती इतकी बारकाईने वाचते, तीच लेखकाला नवं हस्तलिखित जाळायला लावते आणि घणाने त्याचे घोटे मोडते. जाण आणि जुलूम एकाच माणसात नांदू शकतात, हे सांगणं रसिकतेचा अपमान नाही.

या प्रकाराची खरी ताकद पाहायची तर सातोशी कोनचा १९९७ चा ‘परफेक्ट ब्लू’ पाहावा. मीमा किरिगोए ही तीन मुलींच्या गटातली पॉप गायिका गाणं सोडून अभिनयाकडे वळते. सुरुवातीच्याच कार्यक्रमात एक चाहता हात असा उचलून धरतो की रंगमंचावर नाचणारी मीमा त्याच्या तळहातावर उभी दिसते. सगळा चित्रपट त्या एका चौकटीत आहे. पुढे इंटरनेटवर ‘मीमाची खोली’ नावाची रोजनिशी निघते. आगगाडीतून उतरताना मीमाने आधी कोणता पाय टाकला, दुकानातून काय घेतलं, सगळं तिच्याच आवाजात तिथे लिहिलेलं असतं. ‘खरी मीमा’ गाणारीच आहे आणि अभिनय करणारी तोतया, असा निकाल लागतो. मग माणसं मरू लागतात, आणि आपण कोण याची मीमाची स्वतःची खात्रीही ढासळते.

पण कोन सगळा दोष त्या चाहत्यावर टाकत नाही. त्याला चिथावणारी रूमी ही मीमाची स्वतःचीच व्यवस्थापक निघते, जी कधीकाळी गायिका होती. बलात्काराचं दृश्य आणि नग्न छायाचित्रं मीमाच्या गळ्यात मारणारे लोक तिच्याच धंद्यातले आहेत. निरागस मुलगी विकणारा उद्योग आणि ती निरागसता आपली मालमत्ता मानणारा चाहता, दोघांनी मिळून तिला गिळायला घेतलंय. सर्वजण समाजमाध्यमं वापरायला लागण्याच्या कितीतरी आधी हे पडद्यावर आलं, ही दूरदृष्टी मोठी आहे.

चाहत्याला इतरांचा हातभार लागण्याची ही साखळी खऱ्या जगातही दिसते. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अभिनेत्री रिबेका शेफरला तिच्या घराच्या दारात मारणाऱ्या चाहत्याने तिचा पत्ता खाजगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणीच्या दफ्तरातून मिळवला होता. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा केला. भारतात तसा कायदा भारतीय दंड संहितेतलं कलम ३५४ ड म्हणून २०१३ मध्ये आला. पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेमाचा आवेग, असं तोवर सहज म्हटलं जात होतं. त्या आवेगाच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्या माणसाची भीती प्रेक्षकाला दोन तास अंगावर घ्यायला लावणं, हे या चित्रपटांचं काम आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या प्रकाराला इतकं साधत नाही.

हिंदीत २०१६ साली मनीष शर्माच्या ‘फॅन’ने या वाटेवर पाऊल टाकलं. दिल्लीचा गौरव मुंबईला येतो, आर्यन खन्ना या आपल्या आवडत्या नटाच्या बंगल्याबाहेरच्या गर्दीत उभा राहतो, त्याच्यासाठी दुसऱ्या नटाला मारहाण करतो आणि बदल्यात पाच मिनिटं मागतो. ती पाच मिनिटं मी तुला का द्यावीत, या आर्यनच्या सवालात अख्ख्या प्रकाराचा गाभा आहे. दोन्ही भूमिका शाहरुख खानने केल्याने तो सवाल अधिकच बोचतो. पण उत्तरार्धात चित्रपट लंडन आणि क्रोएशियातल्या पाठलागांमध्ये शिरतो आणि उत्तर टाळतो. दक्षिणेत नटांच्या कटआउटवर दुधाचा अभिषेक होतो, नट्यांची देवळं बांधली जातात, वांद्र्यात ताऱ्यांच्या घरांसमोर दर वाढदिवसाला रस्ता अडतो. ही जवळीक कोण विकतं, तिची किंमत कोण मोजतं आणि नकार मिळाल्यावर काय घडतं, हे न कचरता दाखवणारा भारतीय चित्रपट अजून व्हायचा आहे. असे चित्रपट नकोत म्हणणाऱ्यांनी आपला आग्रह बदलून ते अधिक धीटपणे, अधिक समजुतीने काढले जावेत यासाठी तो धरावा.